परमुलखातील मिळकत आणि मागे राहिलेले गाव
कराड परिसरातील श्रमिकांच्या स्थलांतराचा अभ्यास

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वसलेले कराड हे ऊस, गूळ व सहकारी कारखानदारी यांमुळे सधन समजले जाते आणि ते खरेही आहे. परंतु या सधन पट्ट्याच्या दोन्ही अंगांस जी गावे आहेत, त्यांचा संसार गेली शंभर वर्षे बाहेरगावच्या मिळकतीवर उभा राहिलेला आहे. पश्चिमेकडे पाटण व जावळीचा डोंगराळ भाग. तेथे पाऊस उदंड, पण जमीन उताराची, तुकड्यातुकड्यांची आणि भात-नाचणीपलीकडे फारसे न देणारी. पूर्वेकडे खटाव, माण, खानापूर व आटपाडी. तेथे जमिनी मोठ्या, पण पाऊस वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. पश्चिमेचा माणूस पाण्याच्या अतिरेकाने आणि पूर्वेचा पाण्याच्या अभावाने, असे दोघेही एकाच मार्गाने घराबाहेर पडले. एक मुंबईस गेला, दुसरा सोन्याचांदीच्या भट्टीबरोबर देशभर पसरला. आणि ज्या वेळी हे दोघे बाहेर असतात, नेमक्या त्याच हंगामात मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन कराडच्या शिवारात उतरतात. दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर स्थलांतराचे इतके प्रकार एकत्र दिसावेत, असे प्रदेश महाराष्ट्रात थोडे आहेत.

मुंबईतील पहिली सूतगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढील अर्धशतकात गिरणगाव उभे राहिले, ते कोकण आणि घाटावरच्या माणसांवर. रत्नागिरीबरोबरच सातारा जिल्ह्याचाही त्यात मोठा वाटा होता. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या कागदांत ‘सातारकर’ म्हणून नोंदलेला गिरणी कामगार खानापूर अथवा तासगावचाही असू शकतो, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

हा कामगार मुंबईत एकटा राहिला नाही. तो गावासह राहिला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. चाळीतील एखादी खोली संपूर्ण गावकीच्या नावे चाले. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागी पथारी टाकीत. प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी, वर्गणी महिन्याची आणि नव्याने आलेल्या पोरास काम लागेपर्यंत खोलीत मुक्काम माफ. जेवण खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याचा उल्लेख जितका व्हावयास हवा तितका होत नाही.

इकडे गावी पोस्टमनची वाट पाहिली जाई. मनिऑर्डरीच्या रकमेचे पहिले मागणे किराणा दुकानदाराचे, दुसरे सोसायटीचे आणि उरलेच तर बी-बियाण्याचे. शेतीचे खरे व्यवस्थापन स्त्रीकडे होते. पेरणी कधी करावी, बैल विकावा की ठेवावा, सासऱ्याचे औषधपाणी कसे करावे, हे सर्व तीच पाहत असे. मात्र सातबारावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचेच असे. जनगणनेच्या आकड्यांतही हे चित्र उमटलेले आहे. सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९९१ पर्यंत हजाराच्या वर राहिली. २००१ मध्ये ती ९९५ व २०११ मध्ये ९८८ झाली. हा उतार पाहून पुरुष परत आले, असा अर्थ काढण्याची घाई करू नये. २००१ च्या गणनेत शेजारच्या सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली अवघ्या ८५१ होत्या. बाहेरचा पैसा आला, रस्ते झाले, दवाखाने झाले आणि त्याच दवाखान्यांच्या वाटेने मुली नाहीशा झाल्या, हीही या समृद्धीची एक नोंद आहे.

माथाडी कायदा : एक महत्त्वाचे वळण

गिरणीत काम मिळाले नाही तो गोदीत अथवा मशीद बंदरच्या बाजारपेठेत गेला. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याचा मालक कोण, हेच निश्चित नसे. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मजुरी टोळीच्या मुकादमाकडे, आणि माल अंगावर पडून जखम झाली तर जबाबदारी कोणाचीच नाही. पाटण तालुक्यातून मुंबईस आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला. देशात तो एक नवा प्रयोग होता. कायद्यातील युक्ती साधी आहे. मालक अनेक असले तरी मजुरी भरावयाची एकाच मंडळाकडे. तीवर ठरावीक टक्के लेव्ही. आणि मंडळाने कामगारास नियमित वेतन द्यावे व त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार व औषधोपचार यांची सोय करावी.

याचा परिणाम पाटण, जावळी, कोरेगाव या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर झाला आणि तो मनिऑर्डरीपेक्षा वेगळ्या जातीचा होता. अनियमित मिळकतीतून माणूस देणे फेडतो. नियमित मिळकतीतून तो बेत आखतो. भविष्यनिर्वाह निधीतून विहीर झाली, मुलगा महाविद्यालयात गेला, निवृत्त माणूस रिकाम्या हाताने गावी परतला नाही. बाजारपेठा पुढे नवी मुंबईत तुर्भे-वाशी येथे हलल्या, तेव्हा कामगारही हलला आणि घणसोली, कोपरखैरणे या भागांत सातारी भाषा रुजली. मात्र त्याबरोबर कुटुंबे तिकडेच स्थिरावली आणि गावचे घर जत्रेपुरते उघडू लागले. कायद्याचे यश व गावाचे रिकामेपण ही एकाच नाण्याची मुळे होत, हे मान्य करावे लागते.

गलाईवाले

पूर्वेकडील प्रकार निराळा आहे. विट्याच्या परिसरातील, तसेच आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ, खटाव व माण या तालुक्यांतील हजारो कुटुंबे गलाईच्या व्यवसायात आहेत. तमिळनाडू असो, केरळ, बंगाल वा पंजाब, कोणत्याही मोठ्या गावाच्या सराफ पेठेत गेल्यास एखाद्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला भेटतोच. मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची माती, भट्टीची राख यांतून शुद्ध धातू काढून देणे हे त्याचे काम. माती धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळविली जाते. अशुद्ध सोन्यात त्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते नायट्रिक आम्लात उकळले, की चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तळाशी राहते. उरलेल्या द्रावणात तांब्याचे तुकडे ठेवले असता चांदीही परत मिळते. रसायनशास्त्राचा हा पाठ शाळेत फारसे न शिकलेल्या माणसांनी तोंडी परंपरेने जपला. आम्लातून निघणारा तांबूस धूर छातीत जातो. लहान, कोंदट खोलीत वर्षानुवर्षे हे काम केल्याची किंमत उतारवयात द्यावी लागते आणि तिची भरपाई करणारे मंडळ या व्यवसायाला नाही.

या धंद्याची उभारणी नात्यावर झालेली आहे. मुलगा चुलत्याच्या अथवा मामाच्या दुकानी जातो, प्रथम झाडलोट, मग भट्टी, मग पारख शिकतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान मांडतो. भांडवलापेक्षा विश्वास मोठा, कारण परक्याचे सोने हाती असते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण नियम आले व चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडविण्यास बंदी झाली, त्याचा फटका सुवर्णकारांबरोबर यांनाही बसला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. एक अडचण मात्र अद्याप आहे. वितळलेल्या सोन्यास ओळख नसते. चोरीचा दागिना चुकून भट्टीत आला, तर परप्रांतातील पोलीस प्रथम गलाईवाल्यास धरतात. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ४११ होते, आता भारतीय न्याय संहितेत चोरीच्या मालाविषयीची तरतूद कलम ३१७ मध्ये आहे. भाषा परकी, जामीन देणारा कोणी नाही, अशा वेळी गावाकडून माणसे धावतात.

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम ठेकेदाराने नेलेल्या मजुरांसाठी होता. मामाच्या दुकानी गेलेला भाचा त्यात बसत नव्हता. स्वतःच्या पायाने गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे कायद्याची चौकट नेहमीच अपुरी राहिली आहे.

गलाईचा पैसा गावात दिसतो कसा? प्रथम देवळाच्या शिखरात, मग दुमजली घरात. टाळे लावलेले, संगमरवरी फरशीचे घर आणि समोर बाजेवर बसलेले वृद्ध आईवडील, हे दृश्य या भागात अपरिचित नाही. जमिनीचे भाव वाढतात. गावी राहून कसणाऱ्यास ती घेणे परवडत नाही. पण हाच पैसा द्राक्षबागेत व डाळिंबात गेला, ठिबक संच आले, शाळेच्या खोल्या झाल्या, हेही तितकेच सत्य आहे. फरक कशाने पडतो, याचा विचार करता असे दिसते, की जेथे पाणी पोहोचले तेथे बाहेरची मिळकत शेतात उतरली आणि जेथे पाणी नाही तेथे ती दगडमातीच्या बांधकामात थांबली. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ व सांगोल्याकडे नेणारी उपसा सिंचन योजना झाली. तिचे महत्त्व या दृष्टीनेही पाहावे. (टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. गरिबीमुळे शिक्षणासाठी तेही घराबाहेर पडले होते.)

परत आलेला माणूस

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते. महिने गेले तसे ते गावी परतू लागले आणि घाटावरच्या गावांना मिळकत थांबल्याचे व खाणारी तोंडे वाढल्याचे असे दोन आघात एकदम सोसावे लागले. खानापूर तालुक्यात त्यातून काही वेगळे घडले. परत आलेल्या कामगारांना संघटनेचा अनुभव होता. त्यांनी दुष्काळी कामांवरील मजुरीपासून सुरुवात करून ‘दुष्काळ का पडतो’ हाच प्रश्न हाती घेतला. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीतील वाळूचा बेसुमार उपसा पाण्याच्या मुळावर येतो आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. बलवडी व तांदूळवाडी या दोन गावांनी ठरविले, की थोडी वाळू आपणच विकून पैसा उभा करावयाचा व नदीवर बंधारा बांधावयाचा. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर माणसांवर वाटावयाचे आणि भूमिहीनासही वाटा द्यावयाचा. शासकीय मान्यतेसाठी त्यांना बराच झगडा करावा लागला, हे येथे नमूद करणे योग्य होईल. अखेर हे बळीराजा धरण झाले. परत आलेला स्थलांतरित पैशापेक्षा मोठी वस्तू घेऊन येऊ शकतो, याचे एवढे ठळक उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अशीच माणसे गावी आली होती. ती शाळेत विलगीकरणात राहिली आणि पुन्हा निघून गेली; त्यांच्या अंगच्या कौशल्याची नोंद कोठे झाली, असे फारसे दिसले नाही.

इतर देशांतही हाच प्रश्न आहे. परदेशस्थ नागरिकांकडून येणाऱ्या रकमेत भारत जगात पहिला असून २०२२ पासून ती वर्षाला १०० अब्ज डॉलरांवर गेली आहे. तीत केरळचा वाटा मोठा. तिरुअनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून तेथील स्थलांतराच्या पाहण्या ठराविक काळाने केल्या व राज्याचे नियोजन त्यांवर आधारता आले. मेक्सिकोतील झाकातेकास प्रांताचा मार्ग आपल्या पंचायतींनी अवश्य अभ्यासावा. अमेरिकेत गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने गावच्या कामासाठी एक रुपया दिला, तर केंद्र, प्रांत व नगरपालिका यांनी प्रत्येकी एकेक रुपया घालावयाचा, अशी ती योजना होती. आपल्याकडे मुंबईकर मंडळे व गलाई बांधवांच्या संघटना आहेतच. त्यांची वर्गणी जत्रेला सहज मिळते. ग्रामसभेच्या आराखड्यातील तलावाच्या गाळासाठी ती कधी मागितली जाते काय?

जनगणनेने १९७१ पासून मागील वास्तव्याचे ठिकाण आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारण्यास प्रारंभ केला. तरी सहा महिन्यांसाठी जाणारा माणूस तीत निसटतो. तो ग्रामपंचायतीसच माहीत असतो. कोण गेले, कोठे, कोणत्या कामास, मागे घरी कोण आहे, अडचणीत कोणास कळवावयाचे, एवढ्या रकान्यांची एक वही ग्रामसेवकाने ठेवली, तर परप्रांतात पकडलेल्या तरुणाचे घर शोधण्यास पोलिसांना दोन दिवस लागणार नाहीत आणि एकट्या राहिलेल्या वृद्धांकडे आरोग्यसेविकेस पोहोचता येईल.

शिक्षकांपुढील काम अधिक नाजूक आहे. तमिळ माध्यमात चौथी झालेले मूल वडिलांचे दुकान बंद पडल्याने विट्यास येते. गळीत सुरू होताच बीडकडील मूल कराडजवळच्या फडावर येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असून दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. साखरशाळा आणि गावाकडील हंगामी वसतिगृहे हे उपाय झाले. परंतु फडावरच्या कोपीतून शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत येणाऱ्या मुलास हजेरीपटावर नाव मिळणे ही पहिली पायरी आहे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वी मुख्याध्यापकांनी कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळ्यांची यादी मागवून घ्यावी. कोणती टोळी कोणत्या गावी उतरणार, हे त्या विभागास आधीच ठाऊक असते.