एकच चिप, दोन कार्डं

एनव्हिडियाची आरटीएक्स ४०९० आणि आरटीएक्स ६००० एडा (नाव एडा लव्हलेसवरून, हसू नका!) ही दोन्ही कार्डं २०२२ मध्ये आली, दोन्हींत एडी१०२ हीच चिप. तरी तेव्हा एकाची किंमत १५९९ डॉलर, दुसऱ्याची ६८००! असं का? मुख्य फरक मेमरीचा. पहिल्यात २४ जीबी, दुसऱ्यात ४८. मोठं सिम्युलेशन २४ मध्ये मावलं नाही की डेटा मदरबोर्डवरच्या रॅममधून ये-जा करतो आणि वेग पार बसतो, नाहीतर प्रोग्रॅम सरळ बंद पडतो. शिवाय ६००० साठी सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरवर तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर मिळतात. वीजही कमी लागते, ४५० ऐवजी ३०० वॅट. गेमिंगला मात्र ४०९० च भारी. प्रोजेक्टसाठी कार्ड घ्यायचं असेल तर आपलं मॉडेल किती ग्राफिक्स मेमरी खातं ते आधी टास्क मॅनेजरमध्ये बघा, मग घरी पैशांचा विषय काढा.