फेणीची ऊब फसवी

डिसेंबर लागला की मोरजी, मांद्रे, हरमलच्या व्हिलांमधले उघड्यावरचे गरम पाण्याचे टब रात्री उशिरापर्यंत गजबजतात. कडेला ग्लास असतोच, कारण ‘दोन घोट पोटात गेले की थंडी बाधत नाही’ हा समज काही केल्या जात नाही. तो साफ चुकीचा आहे, आणि जिवावर बेतू शकतो. फेणी असो वा रम, दारूने अंग तापत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त कातडीकडे येतं आणि ऊब वाटते. खरं तर ती शरीराबाहेर निघालेली उष्णता असते. गरम पाणीही रक्तवाहिन्या अशाच सैल करतं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. टबातच शुद्ध हरपली तर माणूस पाण्याखाली जातो, आणि सोबतचेही प्यालेले असले तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गोव्यात एवढी थंडी असते कुठे, असं कुणी म्हणेल. किनाऱ्यावर जानेवारीची रात्र साधारण २० अंशांची असते, डिचोलीकडे पहाटे पारा आणखी उतरतो. कोरड्या अंगाला हे काहीच नाही. पण ४० अंशांच्या पाण्यातून निथळत वाऱ्यावर उभं राहिलात, तर अंगावरचं पाणी वाळता वाळता उष्णता ओढून नेतं आणि दात वाजू लागतात. त्यावर उपाय पेला नव्हे, पंचा आहे. तो हाताशी ठेवा, केस कोरडे राहू द्या, बाहेर येण्याआधी मिनिटभर कडेवर बसा, मग अंग पुसून लगेच जाड कपडे चढवा.

‘आमचे आजोबा न्हाणीत भाणातलं कढत पाणी घ्यायचे, तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांवर लोक पिढ्यान्पिढ्या न्हातात, त्यांना काय झालं?’ हा प्रश्न रास्त आहे. पण आजोबा तांब्याने पाणी घेत होते, घाम सुकायला अंग मोकळं होतं. मानेपर्यंत बुडालेल्या माणसाचा घाम सुकतच नाही, आणि पाणी अंगापेक्षा गरम असल्याने उष्णता नुसती आत येत राहते. रोज टबात बसणाऱ्या जपानमध्येही हिवाळ्यात कितीतरी वृद्ध न्हाताना दगावतात. म्हणून तिथलं सरकार ४१ अंशांच्या आत आणि १० मिनिटांच्या आत आटपा असं सांगतं. निरोगी माणसाने ३८-३९ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं बसावं, खुशाल बसावं. त्यात भिण्यासारखं काही नाही. मात्र हृदयविकार असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि लहान मुलांनी टबात उतरूच नये. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाण्याची उष्णता पायाने जोखू नये, थर्मामीटर वापरावा. आणि रील पाहून गरम टबातून थेट बर्फाच्या पाण्यात उडी मारण्याचा अघोरीपणा तर कुणीच करू नये.

गरगरणं, मळमळ किंवा छातीत धडधड सुरू झाली की लगेच बाहेर या. एकट्याने उठू नका, आधार घ्या. छातीवर दाब, जड झालेली जीभ, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका, १०८ लावा. एक-दोन दिवसांनी अंगावर केसांच्या मुळाशी खाजरे पुरळ उठले, तर दोष बहुधा नीट क्लोरीन न घातलेल्या पाण्याचा असतो; मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम परस्पर आणू नका. दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप सुरू झाली तर आरोग्य केंद्रात जा आणि टबात बसला होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तसल्या पाण्याच्या तुषारांतून न्यूमोनियाही होतो, आणि त्यावरची अँटिबायोटिक्स वेगळी असतात.