एकाच छपराखाली

मुलांनो, तुम्ही माएबूरचे संग्रहालय पाहिले आहे का? त्या जुन्या घराची ही गोष्ट.

साल १८१०, ऑगस्ट महिना. तेव्हा आपले बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते. ते जिंकण्यासाठी इंग्रजांची चार शिडाची जहाजे ग्रां पोरच्या उपसागरात शिरली. पण पाण्याखाली प्रवाळाचे खडक होते. दोन जहाजे त्यांवर अशी अडकली की निघेनात. ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच पेटवून दिली. लढाई फ्रेंचांनी जिंकली.

फ्रेंचांचे प्रमुख द्युपेरे आणि इंग्रज कप्तान विलोबी, दोघेही जबर जखमी झाले. विलोबींचा एक डोळा गेला. दोघांवर याच घरात उपचार झाले. एकमेकांवर तोफा डागणारे आता एकाच छपराखाली होते!

सांगा पाहू, जखमी शत्रूला तुम्ही पाणी द्याल का?