हाडांवरचा कौल आणि चिनी लिपीचं बालपण

ईडन प्रेरीत बाहेर बर्फ साचलं की शनिवार-रविवारी मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल. एकदा अर्ध्या तासावरच्या 'मिनीॲपोलिस इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट'मध्ये जाऊन या. प्रवेश मोफत आहे. त्यांच्या संग्रहात घुबडाच्या आकाराचं काशाचं एक मद्यपात्र आहे, तीन हजार वर्षांहून जुनं. ते आलं आल्फ्रेड पिल्सबरी यांच्या मृत्युपत्रातून, १९५० साली. हो, पिठाच्या गिरण्यांचं तेच घराणं, ज्याच्या नावाची कणीक आपण देशी दुकानातून आणतो!

हे पात्र चीनमधल्या शांग राजवटीच्या काळातलं. या राजवटीचे शेवटचे राजे (साधारण इ.स.पू. १२५० ते १०५०) काहीही करण्याआधी पूर्वजांना विचारत. पाऊस पडेल का? लढाईला जाऊ का? दात का दुखतोय? तुम्ही कोकणातले किंवा गोव्यातले असाल, तर हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शांग राजांचा कौल मात्र हाडांना पडणाऱ्या भेगांमधून यायचा.

त्यासाठी बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घासून सपाट करत. मागच्या बाजूने ओळीने खळगे कोरत, म्हणजे तिथे हाड पातळ होई. खळग्याला प्रखर उष्णता दिली की तेवढाच भाग प्रसरण पावे, आजूबाजूचा थंड भाग मात्र हलत नसे. या ताणामुळे पुढच्या बाजूला तडा जाई: एक उभी रेघ आणि तिला फुटलेला आडवा फाटा. खळग्यांचा आकारच असा असे, की तडा साधारण ठरल्या दिशेने जावा. 'कौल घेणे' यासाठीचं चिनी अक्षर आजही नेमकं त्या भेगेचं चित्र आहे आणि त्याचा उच्चार आहे 'बू'.

मग प्रश्न त्याच हाडावर कोरला जाई. पुष्कळदा दोन्ही बाजूंनी: 'पाऊस पडेल', 'पाऊस पडणार नाही'. तारीख, विचारणाऱ्याचं नाव, राजाने लावलेला अर्थ आणि कधीकधी प्रत्यक्षात काय घडलं तेही.

राजा वू दिंगची राणी फू हाओ गरोदर होती, तेव्हाची नोंद बघा. राजाने भेगा वाचून बाळंतपणासाठी शुभ वार सांगितले. एकतिसाव्या दिवशी, भलत्याच वारी, बाळ जन्मलं. खाली निकाल कोरला आहे: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. हे वाचून थांबायला होतं. कारण ज्या राणीची ही नोंद आहे, तीच हजारो सैनिक घेऊन लढाईला जायची, हेही अशाच हाडांवर लिहिलेलं आहे. १९७६ साली झेंग झेनशियांग या संशोधिकेच्या चमूला तिची न लुटलेली कबर सापडली. आत काशाच्या चारशेहून अधिक वस्तू होत्या.

ही हाडं कित्येक वर्षं 'ड्रॅगनची हाडं' म्हणून औषधात कुटली जात होती. १८९९ साली वांग यिरोंग या विद्वानाने त्यांवरची अक्षरं ओळखली. १९२८पासून आन्यांगला शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झालं. आज सुमारे दीड लाख तुकडे आणि साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी अक्षरं माहीत आहेत. त्यांतली जेमतेम एक तृतीयांश खात्रीने वाचता येतात.

मग चिनी लिपी कौल लावण्यातून जन्मली का? घाई करू नका. हाडांवरची लिपी बाल्यावस्थेतली नाहीच. 'येणे' हे क्रियापद घ्या. 'येणे'चं चित्र कसं काढणार? म्हणून उच्चाराने जवळचं असं गव्हाच्या रोपाचं चित्र उसनं घेतलं. म्हणजे चित्राकडून ध्वनीकडे जाण्याची उडी आधीच मारलेली होती. शिवाय याच हाडांवर दोन अक्षरं भेटतात: एकात हातात धरलेला कुंचला आहे, दुसऱ्यात दोरीने बांधलेल्या पट्ट्या, म्हणजेच पुस्तक. बांबूच्या पट्ट्यांवर कुंचल्याने लिहिणं तेव्हाही चालत असणार. बांबू कुजला, हाडं टिकली, म्हणून आपल्याला कौलच दिसतो. हाती लागलेला सर्वांत जुना पुरावा म्हणजे सुरुवात नव्हे. इतिहासात आणि विज्ञानात ही गल्लत वारंवार होते.

तेव्हा ते घुबड बघायला गेलात, की मुलांना एक प्रश्न विचारा: आज आपण जे काही लिहितो, त्यातलं तीन हजार वर्षांनी काय उरेल? आणि तेवढ्यावरून लोक आपल्याबद्दल काय समजतील?