धुरावाचून धावणारी गाडी

मुंबईतील नायगाव हा एकेकाळी गिरणी-कामगारांच्या दाट वस्तीचा भाग होता. त्याला लागूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. ह्या मार्गाने पूर्वी दादरपर्यंत विजेची ट्राम धावत असे. मुंबईत अशी ट्राम सन १९०७ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची फेरी करून तिने शहराचा निरोप घेतला. पुढे ह्या रस्त्यावर डिझेलच्या गाड्यांचेच राज्य झाले. थांब्यावर ताटकळणाऱ्या उतारूंच्या नाकातोंडात त्यांचा काळा धूर जाऊ लागला.

सन २०१७ मध्ये ‘बेस्ट’ने बॅटरीवर चालणाऱ्या बसगाड्या प्रथम आणल्या. ह्या गाडीला डिझेल लागत नाही. इंजिनाऐवजी विजेची मोटर असल्यामुळे झिजणारे भागही थोडे. म्हणून ती चालवण्याचा खर्च कमी येतो. मग सर्वच बसगाड्या तशा का घेतल्या गेल्या नाहीत? अडचण किमतीची होती. मोठी बॅटरी फार महाग असते. शिवणयंत्र घेतले तर पुढे चार पैसे सुटतील, हे चाळीतील एखाद्या गृहिणीस पक्के ठाऊक असते. परंतु यंत्राची किंमतच हाती नसते. बसगाड्यांचेही तसेच झाले.

ही अडचण दूर करण्यासाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २०१९ पासून ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला व त्यासाठी १०,००० कोटी रुपये ठेवले. बसच्या बॅटरीत जितकी युनिटे वीज मावेल, त्या प्रत्येक युनिटामागे २०,००० रुपये साहाय्य ठरले. २०० युनिटांची बॅटरी असल्यास हिशेब ४० लाखांचा होई. मात्र बसच्या लांबीप्रमाणे साहाय्याला कमाल मर्यादा होती. सन २०२४ मध्ये ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही पुढची योजना आली. तीत मालवाहू ट्रकांनाही स्थान मिळाले. एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये. पण त्यासाठी जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचा दाखला आवश्यक. अट योग्यच म्हटली पाहिजे. एरवी नवा ट्रक आला तरी जुन्याचा धूर रस्त्यावर राहिलाच असता.

विजेच्या गाडीमुळे सर्वच धूर नाहीसा होतो, असे मात्र नाही. भारतात पुष्कळशी वीज कोळसा जाळून निर्माण होते. तथापि तो धूर थांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडाशी येत नाही.

दुसरा प्रश्न गाडी घेतल्यानंतरचा. अशा पुष्कळ गाड्या ठेकेदाराच्या मालकीच्या असतात व त्याला दर किलोमीटरमागे ठरलेले पैसे मिळतात. पैसे थकले तर गाडी आगारात उभी राहते आणि सकाळी कामावर निघालेला माणूस थांब्यावर खोळंबतो. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ३,४३५ कोटी रुपयांच्या निधीस मान्यता दिली. परिवहन संस्थेने पैसे चुकवले, तर ते प्रथम ह्या निधीतून द्यावयाचे व मागाहून वसूल करावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.