दर महिन्याच्या गोळ्यांचं गणित

बाळा, अण्णांची साखर आणि बीपी हे आता जन्माचं दुखणं. ऑपरेशनच्या खर्चाची सगळ्यांना धास्ती असते, पण घर पोखरतो तो महिन्याच्या महिन्याला येणारा औषधांचा खर्च. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्डही मिळतं. पण ही दोन्ही उपयोगी पडतात ती दाखल झाल्यावर. रोजच्या गोळीचं आपल्यालाच बघावं लागतं.

तू नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहेस ना? मग आधी पगाराची स्लिप बघ, ईएसआय कापतात का. महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांचा कापतात आणि त्यात मुलावर अवलंबून असलेले आईवडीलही बसतात. पोरं बायको-लेकरांची नावं घालतात, म्हाताऱ्यांची राहून जातात. अण्णा-वहिनींची नावं चढव. सातपूरच्याच ईएसआय रुग्णालयात तपासणी आणि औषधं दोन्ही होतील.

ईएसआय नसेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तिथे न मिळालेली गोळी जनऔषधी दुकानातून घे. जाताना जुनी पट्टी सोबत ने. तिच्यावर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं: मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन असं. ते नाव, मिलिग्रॅम आणि पुढे ‘एसआर’ असेल तर तेही, तिन्ही जुळलं पाहिजे. शंका वाटली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

महिनाअखेरीला हात आखडला म्हणून गोळी एक दिवसाआड करू नकोस रे. हे मी पोटतिडकीने सांगते. बेफाम साखर मूत्रपिंड निकामी करते आणि मग डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात ते योजनेत होतं, पण रिक्षाभाडं आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार?

आणखी एक. अण्णांचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे; माणूस खाटेवर असताना ती धावपळ झेपत नाही. दाखल करायची वेळ आलीच, तर डिपॉझिट भरण्याआधी त्या दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठ, तो सापडला नाही तर 155388 वर फोन लाव. वहिनींच्या पाटल्या मोडायचा विचार त्याआधी मनातही आणू नकोस.