मूकपटातले गुप्तहेर आणि माळ्यावरची पेटी

वरठी (जि. भंडारा) येथील एक वाचक: आमचे आबाजी भंडारा रोड स्टेशनवर रेल्वेच्या नोकरीत होते. नागपूरला पाहिलेल्या एका ‘बिनबोलत्या’ खुनाच्या सिनेमाची गोष्ट ते नेहमी सांगत. जुने घर उतरवताना माळ्यावरच्या लोखंडी पेटीत फिल्मची काही रिळे सापडली. उग्र वास येतो. हा तोच सिनेमा असेल का? रिळांना ऊन दाखवावे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. ऊन मुळीच दाखवू नका. पापड-कुरडयांना आणि धान्याला ऊन चालते, पण या फिल्मला ते घातक ठरू शकते. १९५०च्या आसपासपर्यंत ३५ मिलिमीटरची फिल्म बहुतेक सेल्युलोज नायट्रेटची असे. ती पेटली की जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, म्हणून पाणी ओतूनही विझत नाही. सडत चाललेली नायट्रेट फिल्म तर चाळिशीच्या आसपासच्या सततच्या उष्णतेतही आपोआप पेट घेऊ शकते. भंडाऱ्याचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि पत्र्याखालचा माळा त्याहूनही तापतो.

पेटी पहाटेच्या गारव्यात खाली उतरवा. राहत्या खोल्यांपासून, चुलीपासून आणि विजेच्या उपकरणांपासून लांब, सावलीच्या हवेशीर जागी ठेवा. डब्यांची झाकणे घट्ट दाबू नका, आतले वायू बाहेर पडू द्या. फिल्म मधासारखी चिकट झाली असेल, तिच्यावर फेस आला असेल किंवा डब्यात तपकिरी भुकटी दिसत असेल तर हात लावू नका. अग्निशमन दलाला कळवा. फिल्म अजून सुटी असेल तर उलगडू नका. फक्त सुरुवातीची वीतभर पट्टी दिवसाच्या उजेडात पाहा आणि मोबाइलवर फोटो काढा. कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असे छापलेले असू शकते, मात्र त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ती बहुधा नंतरच्या काळातली ॲसिटेट फिल्म असते. तीही सडते, पण आगीचा तसा धोका नसतो. पट्टी ३५ऐवजी १६ मिलिमीटर रुंद निघाली, तरीही बहुधा आगीचा तसा धोका नसतो.

मूकपट ओळखायची एक सोपी खूण आहे. ३५ मिलिमीटरच्या मूकपटात चित्र एका बाजूच्या छिद्रांपासून दुसऱ्या बाजूच्या छिद्रांपर्यंत पूर्ण रुंदीभर पसरलेले असते. बोलपटात एका कडेने आवाजाची अरुंद पट्टी धावते. ती दिसली तर तुमच्या हाती १९३१नंतरचे काहीतरी आहे, असे साधारणपणे समजा.

आता आबाजींचा सिनेमा. तो देशी असेल तर माझे पहिले बोट कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘काला नाग’कडे जाते. १९२४, दिग्दर्शक कांजीभाई राठोड, कथा मोहनलाल दवे यांची, आणि पडद्यावर होमी मास्टर. मुंबईत गाजलेल्या चांपसी-हरिदास खून खटल्यावर तो बेतला होता. ‘कलियुग की सती’ या नावानेही तो ओळखला जाई. आपल्याकडे तोवर पडद्यावर मुख्यतः हरिश्चंद्र, कृष्ण आणि संत वावरत होते. वर्तमानपत्रातला ताजा खून उचलून त्याचा सिनेमा करणे ही मोठी उडी होती, आणि तिचे श्रेय कोहिनूरला मिळायलाच हवे. पण त्या काळी थिएटरांत लागणारे बहुसंख्य चित्रपट परदेशी, त्यातही अमेरिकी असत. त्यामुळे आबाजींनी पाहिलेला गुप्तहेर हॅट घातलेलाही असू शकतो. पेटीतली रिळे त्याच सिनेमाची असतील ही शक्यता कमी आहे. बातमीपट, रेल्वेचा प्रचारपट, काहीही निघू शकते, आणि त्यानेही त्यांचे मोल कमी होत नाही.

नावावरून ‘काला नाग’ रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या ‘काळा पहाड’ या नायकावरून घेतला का, असे कोणी विचारेल. नाही. अर्नाळकरांचा जन्म १९०६चा. ‘काला नाग’ आला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि त्यांचा काळा पहाड बराच पुढे जन्मला.

इंदूर येथील एक वाचक: बावला खून प्रकरणावर त्या काळीच चित्रपट निघाला होता, हे खरे का?

खरे आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्यांच्यासोबत मोटारीत असलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा बेत होता. वाटेने चाललेले ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडल्याने तो फसला. धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले आणि १९२६मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ कोहिनूरने १९२५मध्येच काढला. दिग्दर्शक होते होमी मास्टर, म्हणजे आदल्या वर्षीच्या ‘काला नाग’मधलेच. ‘काला नाग’प्रमाणेच तोही आज उपलब्ध नाही.

भंडारा येथील एक विद्यार्थिनी: रहस्यकथेचा गाभा म्हणजे शेवटी गुप्तहेर सगळा उलगडा करतो ते भाषण. आवाज नसताना ते कसे जमवत?

प्रश्न नेमका आहे. उलगड्याचे भाषण पाट्यांवर लिहायचे तर पडद्यावर पानेच्या पाने वाचत बसावे लागले असते, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळखही नव्हती. शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवी आणि पुढे बाजाची पेटी व तबला चालू असे. म्हणून मूकपटाने तर्क बाजूला ठेवला आणि डोळ्यांना कळेल ते घेतले: पाठलाग, जवळून दाखवलेली चिठ्ठी, खिडकीवरची सावली आणि सगळ्यात जास्त वेषांतर. वेषांतराला शब्द लागत नाहीत. ब्रिटनमध्ये एली नॉरवूडने १९२१ ते १९२३ या काळात शेरलॉक होम्सचे ४५ लघुपट आणि दोन मोठे चित्रपट केले, ते वेषांतरासाठीच वाखाणले गेले. आपल्याकडे ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) सुलोचनाने आठ रूपे घेतली. त्यांत पोलीसही होता! माझ्या मते हा तोटा नव्हता. सिनेमाने रहस्यकथेला कानावरून डोळ्यांवर आणले, ते याच काळात.

पाहायचेच असेल तर बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) पाहा. पाऊण तासाचा आहे. गुप्तहेर होण्याचे स्वप्न पाहणारा प्रोजेक्टरवाला झोपेत थेट पडद्यात शिरतो. विल्यम जिलेटचा ‘शेरलॉक होम्स’ (१९१६) तर कायमचा गेला असे जग धरून चालले होते. २०१४मध्ये पॅरिसच्या सिनेमॅतेक फ्रान्सेजमध्ये त्याची निगेटिव्ह सापडली.

अनेक वाचक: आपले मूकपट गेले कुठे?

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम दोन-तीन टक्के उरले. आग आणि उष्णता यांनी काही नेले, पण बरेचसे आपणच वितळवले. फिल्मवर चांदीचे क्षार असतात. बोलपट आल्यावर मूकपट निरुपयोगी ठरले, तेव्हा चांदी काढून घेतली गेली आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्याही झाल्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ही यातून सुटला नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी घरोघरी, गोदामागोदामांत जाऊन डबे गोळा केले. फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ आज दिसतो तो त्यांच्यामुळे. हे काम चाळीस वर्षे आधी सुरू व्हायला हवे होते, असे मला फार वाटते.

वरठीच्या वाचकांना आणि सर्वांनाच विनंती आहे. रिळे भंगारात देऊ नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, टपालाने, कुरिअरने किंवा रेल्वेने पाठवू नका. डब्यांचे, पट्टीच्या कडेचे आणि पहिल्या काही चौकटींचे फोटो पुण्याच्या संग्रहालयाला पाठवा आणि हलवायचे कसे ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. पेटीच्या तळाशी जाहिरातीची पत्रके, गोष्टीची पुस्तिका किंवा तिकिटे असतील तर तीही जपा. ‘काला नाग’ आणि ‘कुलीन कांता’बद्दल आज जे थोडे कळते, ते अशाच कागदांमुळे कळते.